६१७४ : देवळालीच्या गुरुजींचा आकडा

आजचं भाषण नुसतं ऐकायचं नाही, हातानं करायचं आहे. आता ते छापून आपल्या हाती आलं आहे, तेव्हा तर सोयीच झाली. पाटी-पेन्सिल जवळ घ्या. पाटी नसेल तर एखादा पाठकोरा कागद चालेल. बाजारातून आणलेली काटापट्टी उलटी केली तरी काम भागेल. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांनाही बोलवा. ज्याला वजाबाकी येते, त्याला हे सगळं येईल.

आपला वाशीम जिल्हा अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेच साल पाटीवर लिहा : १९९८. आता नियम ऐका. या चार अंकांची होईल तेवढी मोठी संख्या मांडा, म्हणजे मोठा अंक आधी आणि लहान अंक शेवटी. ती होते ९९८१. मग तेच अंक उलट क्रमानं, लहानाकडून मोठ्याकडे मांडा. ती होते १८९९. मोठीतून लहान वजा करा. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हेच करा, आणि असंच पुढे चला.

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणखी एकदा करू या. ६१७४ चे अंक उतरत्या क्रमानं ७६४१, चढत्या क्रमानं १४६७.

७६४१ − १४६७ = ६१७४

पुन्हा ६१७४ च. आता कितीही वेळा करा, गाडी याच ठेसनावर उभी राहणार.

आपण म्हणाल, हे एका सालापुरतं जुळलं असेल. तर मग दुसरं साल घेऊ. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ज्योतिषाचे जुने अभ्यासक पृथ्वीची मध्यरेषा लंका आणि उज्जयिनी यांच्यावरून जाते असं मानत. भास्कराचार्यांनी ११८३ साली आपल्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात त्या रेषेवरची स्थळं सांगितली, त्यांत वत्सगुल्माचं नाव आहे. म्हणजे गणित करणाऱ्यांना हे गाव आठशे वर्षांपासून ठाऊक आहे. ते ११८३ हेच साल घेऊ.

८३११ − ११३८ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

वाट थोडी लांबली, पण मुक्काम तोच. आता आपल्या जन्माचं साल घ्या, शेजारच्या मोटारसायकलच्या नंबरपट्टीवरचे चार आकडे घ्या, विजेच्या बिलावरचे कोणतेही चार आकडे घ्या. चारही अंक एकसारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत आपण ६१७४ पाशी पोचाल. सातच्या वर आठवी लागणार नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांच्या. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाची आवड. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच, आणि ती आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. शाळा ठाण्याला झाली, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ साली बी.एस्सी. झाले. त्याच्या पुढची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले.

त्या बत्तीस वर्षांत मुलांना शिकवून उरलेला वेळ त्यांनी संख्यांच्या संगतीत घालवला. ना प्रयोगशाळा, ना यंत्र, ना मोठं ग्रंथालय. कागद आणि पेन्सिल एवढंच भांडवल. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ही ६१७४ ची गोष्ट मांडली, आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात त्यावरचा त्यांचा लेख छापून आला. आपल्याकडच्या अनेक विद्वानांना हा सगळा पोरखेळ वाटे. कापरेकर गुरुजींनी मात्र आपलं काम सोडलं नाही. पदरमोड करून लहान लहान पुस्तिका काढल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या गुरुजींचं नाव जगभर झालं. तोवर त्यांचं वय सत्तर झालं होतं. १९८६ साली ते वारले. आज जगातल्या गणिताच्या पुस्तकांत ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

त्यांच्या जन्माचं साल १९०५ आपण पाटीवर घालून पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पावलं! आता ज्या साली त्यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली ते १९४९ घ्या.

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८

थांबा. ओळखीचं साल आलं ना? १९९८, आपल्या जिल्ह्याच्या जन्माचं. तिथून पुढची वाट आपण आरंभीच चाललो : ८०८२, ८५३२, ६१७४. म्हणजे ही वाटही सात पावलांचीच, आणि ती वाशीम जिल्ह्याच्या सालावरून जाते.

इथे मला जरा सावध करायचं आहे. असा योग दिसला की माणसाच्या मनात येतं, यात काही संकेत असेल, हा आकडा शुभ असेल. आपल्या गावांत आकडा म्हटलं की काही जणांना चिठ्ठीवर लावायचा आकडाच आठवतो, आणि त्या आकड्याच्या नादानं कुणाची बैलजोडी गेली, कुणाच्या घरातलं सोनं गेलं, हे आपल्यापासून लपलेलं नाही. उद्या कुणी ‘सिद्ध आकडा’ म्हणून ६१७४ कागदावर लिहून आपल्याला विकायला आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. चिठ्ठीतला आकडा का निघाला, याला कारण नसतं. ६१७४ का निघतो याला मात्र पक्कं कारण आहे, आणि ते आपल्याला समजून घेता येतं. नवल वाटणं चांगलंच. पण नवल वाटून हात जोडले तर काम तिथंच संपतं. ‘का?’ असं विचारलं की गणित सुरू होतं.

तेव्हा ‘का?’ विचारू या.

१९९८ ची पहिली वजाबाकी पुन्हा डोळ्यांपुढे आणा : ९९८१ वजा १८९९. सर्वांत मोठा अंक वरच्या संख्येत हजाराच्या घरात बसला आहे, तर खालच्या संख्येत एककाच्या घरात. हजार वजा एक, म्हणजे ९९९. सर्वांत लहान अंकाचं याच्या नेमकं उलटं. म्हणून सर्वांत मोठा अंक आणि सर्वांत लहान अंक यांच्यात जेवढं अंतर, तेवढे ९९९ उत्तरात येतात. आता मधले दोन अंक. त्यांतला मोठा वर शतकाच्या घरात आहे, खाली दशकाच्या. शंभर वजा दहा, म्हणजे ९०. म्हणून मधल्या दोघांत जेवढं अंतर, तेवढे ९० उत्तरात येतात.

पहिल्याला आपण बाहेरचं अंतर म्हणू, दुसऱ्याला आतलं अंतर. ९, ९, ८, १ यांत बाहेरचं अंतर ९ वजा १ म्हणजे ८, आतलं अंतर ९ वजा ८ म्हणजे १. आठ वेळा ९९९ झाले ७९९२. त्यात एक वेळा ९० मिळवले की ८०८२. वजाबाकी न करताच उत्तर आलं.

यातून मोठी गोष्ट हाती लागते. उत्तर काय येणार हे चार अंकांवर नाही, फक्त त्या दोन अंतरांवर अवलंबून आहे. आणि अशी अंतरं असून असून किती असतील? बाहेरचं अंतर १ पासून ९ पर्यंत. आतलं अंतर बाहेरच्यापेक्षा मोठं असूच शकत नाही, कारण मधले दोघे टोकाच्या दोघांमध्येच बसतात. बाहेरचं १ असेल तर आतलं ० किंवा १, म्हणजे दोन प्रकार. बाहेरचं २ असेल तर तीन प्रकार. असं करत बाहेरचं ९ असेल तर दहा प्रकार. दोनपासून दहापर्यंतची बेरीज करा : चोपन्न!

१००० पासून ९९९९ पर्यंत, चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या सोडल्या, तर ८९९१ संख्या उरतात. त्या सगळ्या पहिल्याच वजाबाकीत या ५४ उत्तरांपैकी कुठल्या तरी एकावर येऊन पडतात. पावसाचं पाणी शिवारभर पडतं, पण वाहून जातं ते ठरलेल्या ओघळींनीच, तसंच हे. मग ५४ ओघळी पुढे एकमेकींत मिळत जातात आणि शेवटी एकाच डोहात येतात. तो डोह म्हणजे ६१७४. त्याचं बाहेरचं अंतर ७ वजा १ म्हणजे ६, आतलं अंतर ६ वजा ४ म्हणजे २. सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४, दोन वेळा ९० म्हणजे १८०. बेरीज ६१७४. स्वतःच्या अंतरांतून स्वतःच तयार होणारी, ५४ जणींत ही एकटीच. बाकीच्या ५३ जणींना पुढे चालावंच लागतं.

१९४९ च्या वाटेत १९९८ का भेटलं, हेही आता उलगडलं. बाहेरचं अंतर २ आणि आतलं शून्य असलं की दोन वेळा ९९९, म्हणजे १९९८ येणारच. १११३ घ्या, ९९९७ घ्या, पहिल्याच पावलाला १९९८ येईल. ती त्या ५४ ओघळींपैकीच एक. आपण जिल्हा त्या साली केला, हा योगायोग; वाट तिथून जाते, हा नियम.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द.

वर्गात हातच्याची वजाबाकी म्हटलं की निम्मी मुलं खाली मान घालतात. वीस उदाहरणं फळ्यावर लिहून दिली तर पाचव्याला कंटाळतात. पण ‘तुझ्या जन्मसालाला किती पावलं लागतात ते पाहू’ असं म्हटलं तर तेच मूल सात वजाबाक्या आपण होऊन करील, कारण शेवट ठाऊक आहे आणि वाट ठाऊक नाही. शेवटी ६१७४ आलं नाही तर आपली चूक कुठे झाली हे ते स्वतःच शोधू लागेल. यात शिक्षेचं कामच नाही.

आपल्याला तपासायला एक सोपी खूण सांगतो. चाळीस पाट्यांवर चाळीस निरनिराळी उदाहरणं असली तरी घाबरू नका. प्रत्येक बरोबर उत्तराचा पहिला आणि शेवटचा अंक मिळून १० होतात आणि मधले दोन मिळून ८ होतात. ८०८२ पाहा, ७१७३ पाहा, ३०८७ पाहा. आतलं अंतर शून्य असेल तेव्हाच निराळं : मग मधे दोन नऊ येतात आणि टोकाचे दोन मिळून ९ होतात, जसे १९९८ किंवा ३९९६. या दोन्हींत न बसणारं उत्तर दिसलं की समजा, हातचा कुठेतरी राहिला. ही खूण कशी निघते ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. हातच्याचा माग काढला की त्यांना सापडेल.

एका ठिकाणी मात्र मुलं हमखास अडतात. २१११ घ्या. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. मूल तीनच अंक धरतं, ९९९ मधून ९९९ वजा करतं आणि शून्यावर येऊन बसतं. इथे पुढचं शून्य सोडायचं नाही. उत्तर ०९९९ असं चार घरांत लिहायचं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि पुढे वाट सरळ. शून्याला किंमत नाही असं म्हणणाऱ्या मुलाला शून्य आपली जागा कशी राखतं हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. चारही अंक सारखे का नकोत, हेही सांगा : ४४४४ मध्ये दोन्ही अंतरं शून्य, मग उत्तरही शून्य.

आणि एक मोठं काम वर्गाकडून करून घ्या. ते ५४ आकडे फळ्यावर लिहा. सत्तावीस मुलं असतील तर प्रत्येकाला दोन दोन वाटून द्या. प्रत्येकानं आपले दोन आकडे ६१७४ पर्यंत न्यायचे. कुणालाही सहापेक्षा जास्त पावलं लागणार नाहीत. सगळ्यांचे पोचले की फळ्यावर लिहा, ‘सिद्ध झाले’. कारण ८९९१ संख्यांपैकी एकही या ५४ च्या बाहेर जात नाही. जगातल्या गणितज्ञांनी मान्य केलेली एक गोष्ट जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी एका तासात, कुणाच्या शब्दावर न विसंबता, स्वतः पडताळली असं होईल. मुलाला हा अनुभव एकदा आला की तो त्याच्यापाशी राहतो.

काही जण विचारतील, चारच अंक का? दोन अंक घेऊन पाहा. वाशीमच्या गाड्यांवर ३७ असतो. ७३ वजा ३७ म्हणजे ३६. पुढे २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७. इथे मुक्कामच नाही, रहाटगाडगं फिरत राहतं. तीन अंकांना मुक्काम आहे, तो ४९५. ३५२ घेऊन पाहा : २९७, ६९३, ५९४, ४९५. पाच अंकांना पुन्हा मुक्काम नाही. ५३९५५ चं ५९९९४ होतं आणि ५९९९४ चं परत ५३९५५. तेव्हा चार अंकांचं हे एकच घर असणं, ही साधी गोष्ट नाही.

जाता जाता ६१७४ चा आणखी एक गुण. त्याच्या अंकांची बेरीज १८. त्या अठरानं त्याला भागा. नेमका भाग जातो आणि ३४३ येतात, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. शिवाय अठरा, अठराचा वर्ग ३२४ आणि अठराचा घन ५८३२ यांची बेरीज करा. ती किती येते हे मी सांगत नाही. पाटी आपल्यासमोर आहेच.

कापरेकर गुरुजींनी हे सगळं कुठल्या मोठ्या विद्यापीठात बसून शोधलं नाही. एका गावच्या शाळेत, पगार बेताचा, मान त्याहून बेताचा, अशा स्थितीत त्यांनी रोज थोडं थोडं पाहिलं, लिहून ठेवलं आणि कारण शोधलं. आपल्या मालेगावच्या, मानोऱ्याच्या, रिसोडच्या एखाद्या वर्गात आज मागच्या बाकावर असंच एखादं मूल आकड्यांशी खेळत बसलं असेल. ‘अभ्यास सोडून काय चाळे चाललेत’ असं म्हणण्याआधी त्याच्या वहीत एकदा डोकावून पाहा. तिथे कदाचित नुसत्या रेघोट्या असतील. कदाचित दुसरं काही असेल. ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकाच्या जन्माचं साल घ्या. कुणाला किती पावलं लागतात ते लिहा. आजीला सात लागली आणि नातवाला तीनच, तर का, याचा विचार दोघांनी मिळून करावा.